बाळंतिणीच्या रजेपासून लेकीच्या वाट्यापर्यंत : कायदेमंडळातील बाबासाहेब आणि आपले घर

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी उभी राहते. हे योग्यच आहे. परंतु बाबासाहेबांच्या सार्वजनिक जीवनाचा एक भाग असा आहे की ज्याची चर्चा जयंतीच्या भाषणांत फारशी होत नाही. तो भाग म्हणजे कायदेमंडळात बसून त्यांनी कुटुंबासाठी, विशेषतः घरातल्या बाईसाठी, केलेले काम. बाळंतपणाची रजा, मुलांची संख्या, घटस्फोट, विधवेची मालमत्ता, मुलीचा वारसा हे विषय वरवर पाहता घरगुती वाटतात. बाबासाहेबांनी ते राज्याच्या आणि देशाच्या सभागृहात नेले, आणि त्यांतल्या एका विषयासाठी मंत्रिपद सोडले.

आमच्या सभासदांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना हा भाग क्रमाने समजावा म्हणून हा लेख लिहिला आहे. आम्ही वकील किंवा प्राध्यापक नाही. बँकेच्या काउंटरवर बसणारे, कला शाखेचे साधे पदवीधर आहोत. परंतु मयत खातेदारांची प्रकरणे रोज हाताळताना कायदा कागदावर कोठे थांबतो आणि घरात कोठे अडतो, हे आम्हांस जवळून दिसते. म्हणून शेवटी त्याविषयीही चार शब्द लिहिणार आहोत.

साताऱ्याचे घर

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. परंतु त्यांचे जाणते बालपण साताऱ्यात गेले. सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झाल्यावर कुटुंब साताऱ्यास आले. येथेच आई भीमाबाईंचे निधन झाले. त्या वेळी भिवा अवघा पाच-सहा वर्षांचा होता. पुढे आत्या मीराबाईंनी मुलांचा सांभाळ केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ‘भिवा रामजी आंबेडकर’ या नावाने त्यांचा इंग्रजी पहिलीत प्रवेश झाला. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळण्यास सुरुवात केली.

पुढच्या आयुष्यातही घरातल्या दुःखाने त्यांना सोडले नाही. माता रमाईंच्या पोटी झालेल्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. राजरत्न १९२६ साली गेला. खुद्द रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. पुढे सभागृहात बाळंतिणीच्या विश्रांतीवर बोलणाऱ्या माणसाच्या घराची ही हकीकत होती. त्यांनी सभागृहात स्वतःचे दुःख मांडले नाही. तेथे त्यांनी अर्थशास्त्र आणि राज्याची जबाबदारी मांडली. विद्यार्थ्यांनी ही पद्धत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

समाजसेवक ते आमदार

१९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. विद्यार्थी वसतिगृह, वाचनालय, शिक्षणप्रसार अशी सभेची कामे होती. आजच्या भाषेत ही समाजसेवाच होय. या कामातून पुढे आलेल्या तरुण बॅरिस्टरची मुंबई कायदेमंडळावर सरकारने नियुक्ती केली, आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी सदस्यत्वाची शपथ घेतली. नेमणूक सरकारची असली तरी त्यांचे तोंड सरकारकडे नव्हते, समाजाकडे होते.

१९२८ साली त्यांनी महार वतनासंबंधी दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या गळ्यातील फास होता. तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात वतनदाराला रात्रंदिवस गावकी आणि सरकारी कामाला हजर राहावे लागे, आणि तो गैरहजर असला तर घरातल्या दुसऱ्या माणसाला जावे लागे. म्हणजे नोकरी एकाची आणि बांधिलकी सगळ्या घराची. त्यामुळे वतनाचा प्रश्न हा जमिनीइतकाच कुटुंबाच्या स्वातंत्र्याचाही प्रश्न होता. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला.

त्याच वर्षी, २८ जुलै १९२८ रोजी, कारखान्यांतील स्त्री कामगारांना बाळंतपणाचा भत्ता देण्याच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. विरोधकांचा मुद्दा असा होता की या भत्त्याचा बोजा गिरणीमालकावर पडेल आणि मग तो बायकांना कामावर घेणारच नाही. बाबासाहेबांनी उत्तर दिले त्याचा आशय असा : बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून या खर्चाचा मोठा वाटा वास्तविक सरकारनेच उचलला पाहिजे, कारण जनतेचे कल्याण राखणे हे सरकारचे काम आहे. परंतु मालकही यातून सुटत नाही. तो बाईला दया म्हणून कामावर ठेवीत नाही. त्यात त्याचा फायदा असतो म्हणून ठेवतो. ज्याने फायदा घेतला त्याने भारही थोडा सोसावा.

या युक्तिवादाचे महत्त्व आपण नीट समजून घेतले पाहिजे. त्या काळी बाळंतपण ही घरातली, बायकांची, पडद्याआडची बाब समजली जाई. बाबासाहेबांनी ती बाब अंदाजपत्रकात आणली. मुंबई इलाख्यात १९२९ साली हा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली संपूर्ण देशासाठी प्रसूती लाभ कायदा आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये या तरतुदी घेतलेल्या आहेत.

आमच्या शाखेत रजेचा अर्ज टाईप करून देणाऱ्या भगिनींना ही रजा कोठून आली हे ठाऊक असतेच असे नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ज्या बाईसाठी १९२८ चे भाषण झाले, तशी मजूर बाई आजही बहुतांशी या रजेच्या बाहेर आहे. उसाच्या फडात कोयता घेऊन उतरणारी, वीटभट्टीवर विटा वाहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई हजेरीपटावर नसते. सातारा-सांगली हे साखर कारखान्यांचे जिल्हे आहेत. फडातल्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा कोण देणार, हा प्रश्न आमच्या दारातच उभा आहे.

मुले किती असावीत?

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत ते स्वतः मुंबईतून निवडून आले, आणि सातारा जिल्ह्यातून पक्षाचे खंडेराव सावंत निवडून आले. वाळवा, तासगाव, खानापूर हे आजच्या सांगली जिल्ह्यातील तालुके त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

या विधानसभेत १० नोव्हेंबर १९३८ रोजी पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाची साधने लोकांना उपलब्ध करून देण्याचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. वारंवारच्या बाळंतपणाने आईची प्रकृती खालावते, मुलांची आबाळ होते आणि घर दारिद्र्यातून वर येत नाही, असा त्याचा रोख होता. सभागृहाने ठराव मोठ्या फरकाने फेटाळला. पुढे भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा अधिकृत कार्यक्रम १९५२ साली हाती घेतला. म्हणजे त्या ठरावानंतर चौदा वर्षांनी.

ठराव येण्याच्या चार वर्षे आधी, १९३४ साली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता. कर्वे लैंगिक आरोग्याविषयी आणि संततिनियमनाविषयी उघडपणे लिहीत. त्यांची बाजू न्यायालयात बॅ. आंबेडकरांनी मांडली. खटला कर्वे हरले. शिष्ट समाज ज्याच्यापासून चार हात दूर राहत होता, त्याचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले, ही नोंद मात्र राहिली.

२० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. परिषदेने पत्नीला घटस्फोटाचा अधिकार मिळावा व बहुपत्नीत्वाला आळा बसावा असे ठराव केले. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही की या मागण्या स्वतः आपल्या आयाबहिणींनी केल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. मुलामुलींच्या लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, आणि लग्नानंतर पत्नीने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे, असाही उपदेश त्यांनी केला.

त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ मध्ये खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती त्यांनी मांडली. परंतु युद्धाच्या काळात कोळसा कमी पडू लागला, तेव्हा खाणीच्या आत बायकांना काम देण्यावरील बंदी सरकारने उठवली, आणि १९४४ च्या फेब्रुवारीत त्या निर्णयाचा बचाव सभागृहात त्यांनाच करावा लागला. त्या वेळी या स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल यावर त्यांनी भर दिला. सरकारात बसलेल्या माणसाला मनासारखेच सर्व करता येत नाही, हेही अभ्यास करताना आपण लपवू नये. थोर पुरुषांचा अभ्यास म्हणजे केवळ स्तुती नव्हे.

हिंदू कोड बिल

स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिल त्यांच्या हाती आले. मूळ मसुदा बी. एन. राव समितीचा होता. १९४८ साली ते प्रवर समितीकडे गेले. या बिलाचा गाभा थोडक्यात असा : मुलाबरोबर मुलीलाही वारसा, विधवेला मिळालेल्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी, एकपत्नीत्व, ठरावीक कारणांवरून घटस्फोट, आणि जातीबाहेरचे लग्न व दत्तक कायदेशीर. जन्माने फक्त मुलग्यांनाच हक्क देणारी एकत्र कुटुंबाची मिताक्षरा पद्धत बंद करण्याचीही त्यात तरतूद होती.

मुंबई प्रांताने यापूर्वीच वाट थोडी मोकळी केली होती. १९४६ साली द्विभार्या प्रतिबंधाचा आणि १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा मुंबईत झाला होता. तरीही दिल्लीत बिलाला कडवा विरोध झाला. चर्चा लांबत गेली, कलमे अडली, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बिल बाजूला ठेवण्यात आले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे अनेक होती. परराष्ट्र धोरण आणि अनुसूचित जातींकडे होणारे दुर्लक्ष हीही त्यांत होती. परंतु हिंदू कोड बिल हे त्यांतील प्रमुख कारण होते.

नंतर त्याच बिलाचे तुकडे होऊन १९५५ मध्ये विवाह कायदा आणि १९५६ मध्ये वारसा, पालकत्व व दत्तक-पोटगी हे तीन कायदे झाले. मात्र मिताक्षरा एकत्र कुटुंब १९५६ च्या कायद्यात तसेच राहिले, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मतः हक्कदार झाली नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तिला तो हक्क दिला. पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून संपूर्ण देशात विवाहित-अविवाहित असा भेद गेला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले की २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क कायम आहे. म्हणजे बिल बाजूला पडल्यापासून लेकीच्या वाट्याची वाट मोकळी व्हायला जवळजवळ ७० वर्षे लागली.

आमचे दोन जिल्हे

सातारा आणि सांगली यांनी या बाबतीत काही कमावले आहे आणि काही गमावलेही आहे. १९४३ नंतरच्या प्रतिसरकारने गावोगाव कमी खर्चाची ‘गांधी लग्ने’ लावली आणि बायकोला छळणाऱ्या नवऱ्यांनाही जरब बसवली. त्या चळवळीत तरुणपणी उतरलेल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर पुढे परित्यक्ता स्त्रियांच्या चळवळीत अग्रभागी राहिल्या. नवऱ्याने टाकलेल्या बाईला स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड, राहायला घर आणि उदरनिर्वाहाचे साधन मिळावे, यासाठी त्या लढल्या. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या सूनबाई डॉ. गेल ऑम्व्हेट यांनी कासेगावात राहून फुले-आंबेडकरी आणि बौद्ध विचारांवर आयुष्यभर लेखन केले. साताऱ्यात अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांनी १९९० मध्ये दलित महिला विकास मंडळ स्थापन केले, आणि ‘लेक लाडकी अभियाना’तून गर्भलिंग तपासणी करणारी केंद्रे उघडकीस आणली. २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला.

दुसरी बाजू अशी. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे साताऱ्यात ८९५ आणि सांगलीत ८६७ मुली होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली, कारण त्यांची नावे ‘नकुसा’ अशी ठेवलेली होती. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे १९ स्त्रीभ्रूण पुरलेले सापडले. ज्या जिल्ह्यात भिवाने शिक्षणाचा श्रीगणेशा केला, तेथेच आईबापांनी लेकीला ‘नको’ असे नाव ठेवावे, याचा विचार आपण केला पाहिजे. आणि हे दुसऱ्या समाजाचे दुखणे आहे असे म्हणून आपली सुटका नाही.

काउंटरवरून दिसणारे वास्तव

आता आमच्या रोजच्या कामातील दोन गोष्टी सांगतो.

पहिली, हक्कसोडपत्र. वडील वारले की जमिनीवर आणि घरावर मुलींची नावे वारस म्हणून लागतात. मग एके दिवशी भाऊ बहिणींना निबंधक कार्यालयात नेतो, साडीचोळी करतो आणि हक्कसोडपत्रावर सह्या किंवा अंगठे घेतो. बहीण म्हणते, “माहेर तुटायला नको.” कायद्याने असे पत्र स्वखुशीने केलेले असेल तर त्यात गैर काही नाही. पण ज्या बाईला सही न केल्यास दिवाळीला माहेरची वाट बंद होण्याची भीती आहे, तिच्या खुशीला खुशी म्हणावे काय? जो हक्क मिळवण्यासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, तो आपण एका साडीवर सोडतो. आपल्या समाजातही हे सर्रास होते. घरात बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर असते, आणि त्या तसबिरीखाली बसूनच हक्कसोडीची बोलणी होतात.

दुसरी, नॉमिनीविषयीचा गैरसमज. पुष्कळांना वाटते की खात्यावर ज्याचे नाव नॉमिनी म्हणून आहे तो पैशांचा मालक. तसे नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा असतो. मालकी कायद्याप्रमाणे किंवा मृत्युपत्राप्रमाणे ठरते. मुलग्याला नॉमिनी केले म्हणून विधवेचा आणि मुलींचा वाटा संपत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी ठेवण्याची सोय झाली आहे. तिचा उपयोग पत्नी आणि मुलींची नावे घालण्यासाठी अवश्य करावा.

सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी काय करावे?

१. लग्नाची नोंद करा. आपले विवाह त्रिसरण-पंचशीलाने होतात. हिंदू विवाह कायदा त्याच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे बौद्धांनाही लागू आहे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी समाजात जुनी आहे आणि ती रास्त आहे. परंतु तोपर्यंत नोंदणीचा दाखला नसलेल्या पत्नीला पोटगी, पेन्शन आणि वारसा यांसाठी हेलपाटे घालावे लागतात. मंगलपरिणयाच्या आठवड्यातच नोंदणीचा अर्ज द्यावा.

२. घराच्या उताऱ्यावर पत्नीचे नाव लावा. नवऱ्याच्या हयातीत हे काम सोपे असते.

३. हक्कसोडपत्र करण्यापूर्वी बहिणीला तिच्या वाट्याची किंमत सांगा, वाचून दाखवा, आणि विचार करायला वेळ द्या. वाटा द्यायचाच नसेल तर भावाने निदान ‘ताईने स्वखुशीने दिला’ असे चारचौघांत सांगू नये.

४. विद्यार्थ्यांनी वर सांगितलेली १९२८, १९३८ आणि १९५१ ची भाषणे व निवेदने मुळातून वाचावीत. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांच्या खंडांत ती आहेत. अभ्यासवर्गात एकाने विरोधकाची बाजू मांडावी आणि दुसऱ्याने उत्तर द्यावे. म्हणजे भाषणातील ताकद कळेल.

५. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला बाळंतपणात पगारी सुट्टी द्या. यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

समारोप

तथागतांनी सिगाल या गृहस्थपुत्राला उपदेश करताना पतीची पत्नीविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत. तिचा मान राखणे, तिला तुच्छ न लेखणे, एकनिष्ठ राहणे आणि घराचा अधिकार तिच्या हाती देणे, ही त्यांत येतात. जो उपदेश घरात बोलायचा, त्याला बाबासाहेबांनी कायद्याचे रूप देण्यासाठी आयुष्याची पंचवीस वर्षे खर्ची घातली. कारण केवळ उपदेशाने भागत नाही हे त्यांनी पाहिले होते. आणि केवळ कायद्यानेही भागत नाही, हे आम्ही रोज पाहतो.

१ मे २०२४ नंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदपत्रांत त्याच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे बंधनकारक झाले आहे. साताऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर १९०० साली भीमाबाईंच्या नावाला जागा नव्हती. आता ती झाली आहे. तशीच जागा सात-बारावर, घराच्या उताऱ्यावर आणि बँकेच्या पुस्तकावर करून देणे हे आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. या वर्षी आपल्या सभासदांपैकी दहा घरांनी जरी ते केले, तरी या स्मरणिकेचा कागद सत्कारणी लागला असे आम्ही समजू.

जयभीम! नमो बुद्धाय!